नव्या भाताआधीचे मुके कर्णे

श्रीगजानन आणि वाग्देवता यांच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्याच्या सत्तेवाचून प्राण्यांचा श्वासही हलत नाही त्या परमेश्वराचे स्मरण करून, ही पाने लिहावयास बसलो आहे. निमित्त असे घडले की मोखाड्यास शिक्षक व कारकून म्हणून काम करणारे माझे काही जुने विद्यार्थी परवा घरी आले. त्यांच्या शाळेत मुलांचे वाद्यपथक नव्याने उभे राहत आहे, शिकवणारे गुरुजी बाहेरून यावयाचे आहेत, आणि ‘जव्हारच्या पहिल्या पथकाची हकीकत तुम्ही लिहून द्या, आम्ही ती मुलांना वाचून दाखवू,’ असा त्यांचा आग्रह होता. आता लेखणी धरली की बोटे दुखू लागतात, आणि दोन ओळी झाल्या की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. तरीही नाही म्हणवले नाही. कारण त्या पथकाच्या मास्तरांना पाहिलेले आता फारसे कोणी उरलेले नाही.

संस्थान विलीन झाले तेव्हा पुष्कळ गोष्टी एका दिवसात निरुपयोगी ठरल्या. त्यांत संस्थानचा बँड होता. दसऱ्याच्या दरबारात, पाहुण्यांच्या स्वागतास, राजघराण्यातील मंगलकार्यात हा बँड वाजत असे. वाजवणारे बहुतेक बाहेरगावचे. विलीनीकरणानंतर ते एकेक करून आपापल्या वाटेने गेले. राहिले ते फक्त बँडमास्तर. ते मूळचे गोव्याचे, धर्माने ख्रिस्ती, वयाने माझ्याहून बरेच मोठे. तरुणपणी कॉर्नेट, म्हणजे आखूड तोंडाचा पितळी कर्णा, ते असा वाजवीत की हनुमानाच्या टेकडीवर बसलेल्या माणसालाही राजवाड्यातील सूर ओळखता येई, असे जुने लोक सांगत. मी ते ऐकले नाही. मी त्यांना ओळखू लागलो तोवर त्यांचे पुढचे दात गेले होते. कर्णा फुंकणाऱ्याचे पुढचे दात गेले म्हणजे त्याचे हातचे शस्त्र गेले. मुंबईच्या बँडांत त्यांना आता कोणी उभे करणार नव्हते. उरली होती एकच विद्या, दुसऱ्याच्या फुंकरीला वळण लावण्याची. आणि ती विद्या घेणारे कोणीतरी हवे होते.

म्हणून आमच्या हायस्कुलात मुलांचे पथक निघाले तेव्हा त्यांना तेथे तात्पुरते नेमण्यात आले. संस्थानची वाद्येही शाळेला मिळाली. हिरवा गंज चढलेले कर्णे, दोन क्लॅरिनेट, एक प्रचंड ढोल, झांजा, लहान ताशांसारखे ड्रम. मुलांनी ती चिंच आणि राख लावून घासली. माझ्याकडे देखरेख आली, ती योग्यतेमुळे नव्हे. हेडमास्तर पुण्याचे होते. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, संस्कृतला तुमच्याकडे मोजकी मुले. तुमचा वेळ मोकळाच आहे. मास्तरांची भाषा मुलांना कळत नाही आणि मुलांची मास्तरांना. तुम्ही मध्ये बसा.” मी मध्ये बसलो. सकाळचे संध्यावंदन, दुपारी वर्गात संस्कृतची रूपे चालवणे आणि तिसऱ्या प्रहरी ढोल, असा दिवस जाऊ लागला. घरी परत येईपर्यंत कानांत इतका गलका साठलेला असे की देवापुढे बसूनही काही काळ तोच चालू राही.

पथकात दोन प्रकारची मुले होती. एक गावातली, कारकुनांची, दुकानदारांची. दुसरी वसतिगृहातली, जामसर, खोडाळा, मोखाडा या बाजूच्या डोंगरपाड्यांवरची. कर्णे थोडे आणि मुले पुष्कळ, तेव्हा एकाच कर्ण्याला आळीपाळीने तोंड लावणे आले. गावातल्या आयांनी याला साफ नकार दिला. कोणाचे कोण, उष्टे तोंडात घालायचे म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना दोष देववत नाही. मीही त्याच आचारात वाढलो, आणि पथकाची देखरेख करीत असतानाही ती वाद्ये मी कधी ओठांस लावली नाहीत. परिणाम असा झाला की ढोल, ड्रम, झांजा गावातल्या मुलांकडे गेल्या आणि फुंकण्याची सर्व वाद्ये डोंगरातल्या मुलांकडे. मास्तरांना यात आनंदच होता. “छाती बघा त्यांच्या,” ते म्हणत. “डोंगर चढून शाळेत येतात. ही फुंकर विकत मिळत नाही, शास्त्रीबुवा.”

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मुले बरी तयार झाली. राष्ट्रगीत, एक संचलनाची चाल आणि एक मराठी भक्तीची चाल एवढे त्यांना बसले. मग शिक्षणखात्याकडून कळले की येत्या पंधरा ऑगस्टला ठाण्याहून साहेब येतील, पथक ऐकतील आणि त्यावरून मास्तरांची जागा कायम करावी की काढावी हे ठरेल. मास्तरांनी ते ऐकले आणि तालीम पुढे चालू केली. नंतर वाटेत मला म्हणाले, “देवळालीला भाचा आहे. चांगला मुलगा आहे. पण त्याच्या घरात मी काय करणार? दारात बसायचे, आणि जेवायला हाक मारली की आत जायचे.” जागा कायम झाली तर ते मरेपर्यंत शिकवणार होते, नाही झाली तर त्या दारात बसणार होते. त्यांच्यापुढे तिसरे काही नव्हते.

ज्येष्ठात शाळा उघडली. पहिल्याच तालमीत मास्तरांनी काठी उचलली, ढोल वाजला, झांजा वाजल्या, आणि कर्ण्यांतून आवाज निघाला नाही. मुलांनी कर्णे ओठांशी धरले होते. बोटे बरोबर खालीवर होत होती. गालही फुगले होते. परंतु सूर नाही.

“सुट्टीत विसरलात?” मास्तरांनी विचारले.

मुलांनी नाही म्हणून माना हलवल्या.

“फुंका रे बाबांनो. कर्णा चावणार नाही.”

बोटे पुन्हा हलली. गावातल्या ड्रमवाल्यांपैकी एक म्हणाला, “सर, ह्यांचा बँड उपासाला बसलाय.” मुले हसली. डोंगरातली मुले हसली नाहीत, रागावलीही नाहीत. जमिनीकडे बघत उभी राहिली. असे आठवडाभर चालले. मास्तर पट्टी बदलून पाहत, वाद्य बदलून पाहत, कर्ण्यांच्या, ओठ लावायच्या पितळी वाट्या उकळून देत. मी दालनाच्या कोपऱ्यात बाकावर बसून असे. छपरावर पाऊस इतका पडे की कर्णे वाजत नाहीत की पावसात ऐकू येत नाहीत, हेही कधी कळत नसे.

शेवटी पुढचा कॉर्नेट वाजवणाऱ्या मुलाला मी एकट्याला बोलावले. तो जामसरजवळच्या पाड्यावरचा. पुष्कळ विचारल्यावर म्हणाला, “गुरजी, पेरा झाला हाय. नवा भात येय तवर फुंकायचा नाय. आजानं सांगलाय.”

तेव्हा मला उलगडा झाला. त्यांच्या पाड्यांवर तारपा वाजतो. दुधी भोपळ्याचा, लांब नळीचा, फुंकून वाजवायचा. पीक शेतात असताना तो घराच्या आढ्याला टांगलेला असतो आणि नवे भात आल्यावरच खाली उतरतो. मुलांनी, किंवा त्यांच्या घरच्यांनी, आमचे पितळी कर्णेही त्याच नियमात घातले होते. मागच्या वर्षी पथक दिवाळीनंतर सुरू झाले, म्हणून ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. संस्थानच्या बँडात डोंगरातले कोणी नव्हतेच.

हेडमास्तरांना मी हे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. “शास्त्रीबुवा, सोपे आहे. फुंकणार नाही त्याचे वसतिगृहातले नाव कमी होईल, एवढे एकदा सांगा. संध्याकाळपर्यंत सगळे फुंकू लागतील.”

“मास्तरांना विचारून सांगतो,” मी म्हणालो.

मास्तर ते ऐकून म्हणाले, “आधी पोराच्या म्हाताऱ्या आज्याला भेटू. कायदा त्याचा आहे.”

आषाढातल्या एका रविवारी आम्ही दोघे त्या मुलाच्या पाड्याकडे निघालो. मास्तर प्रार्थना करून आले होते, मी स्नानसंध्या आटोपून. दोन छत्र्या होत्या, पण वाऱ्याने त्यांचा उपयोग होऊ दिला नाही. वाट निसरडी होती. मास्तरांना दम लागे, मला गुडघे धरत. एक थांबला की दुसऱ्याला बरे वाटे. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या होत्या आणि गात होत्या.

म्हातारा ओटीवर बसून दोरी वळत होता. आढ्याला, धुरात काळा झालेला, तारपा टांगलेला होता. आम्हाला पाहून तो उठला नाही, पण सुनेला म्हणाला, “घोंगडी टाक. भटगुरजी आलंत.” मग माझ्याकडे बघून, “तुमाला काय देऊ? आमचा पानी बी तुमाला चालायचा नाय.”

“केळ चालेल,” मी म्हणालो.

“केळ चालतां,” तो बायकोकडे वळून म्हणाला. “झाडावरून ह्याच्या देवानं दिला, आपुन फक्त तोडला.” ती तोंडाला पदर लावून हसली. मास्तरांनी मात्र दिलेली नागलीची भाकरी घेतली आणि दात नसल्यामुळे चहात बुडवून सावकाश खाल्ली.

मास्तरांनी कॉर्नेट बरोबर आणला होता. तो पुढे ठेवून म्हणाले, “बाबा, हा पितळेचा आहे. भोपळ्याचा नाही. ह्याचा आणि भाताचा काय संबंध?”

म्हाताऱ्याने तो उलटासुलटा केला. “वाजवायचा कसा?”

“फुंकून.”

“तोंडानंच ना?”

“तोंडानेच.”

“मंग त्याला काय ठावा, तो पितळंचा हाय का भोपल्याचा? वारा तर तोच.” त्याने कॉर्नेट घोंगडीवर ठेवला. “भात आता लागला. मंग पोटऱ्याला येल, मंग फुलंल. तवा कोनी फुंक घातली त दाना भरत नाय. कनीस उभा, आत काय नाय. मंग तुमचा साहेब आमाला वरीसभर खायला घालंल?”

मास्तर माझ्याकडे वळले. “शास्त्रीबुवा, तुमच्या ग्रंथांत यावर काही उतारा असेल.”

ग्रंथांत उतारे पुष्कळ असतात. परंतु मला दुसरेच आठवत होते. आम्ही पाठशाळेत असताना मेघ गडगडला की वेदपठण थांबे. प्रतिपदेला थांबे, ग्रहणात थांबे. त्याला अनध्याय म्हणतात. गुरुजी पोथी बांधत आणि आम्ही गप्प बसत असू. का, हे कोणी विचारीत नसे. कोणी बाहेरच्याने येऊन ‘आज म्हणा, साहेब आले आहेत,’ असे सांगितले असते तर आमच्या गुरुजींनी त्याला दार दाखवले असते. हे मी मास्तरांना सांगितले.

“म्हणजे तुम्ही त्यांच्याच बाजूचे,” मास्तर म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, फक्त थकवा होता.

म्हाताऱ्याने विचारले, “तुमी काय बोलतां?”

“मी सांगितले की आमच्यातही असे दिवस असतात,” मी म्हणालो.

“असंलच,” तो म्हणाला. “देव कामावर असतो तवा गप बसायचा.” मग बाहेरच्या बायकांकडे हात करून, “गायाला मना नाय. गळ्याला कोन मना करतां? लावनी करताना गातांतच की.”

परतीच्या वाटेवर एका खडकावर टेकलो तेव्हा मी विचारले, “हेडमास्तरांना काय सांगू?”

“धमकी देऊ नका म्हणून सांगा.”

“जागा जाईल.”

“जाईल.” त्यांनी कॉर्नेटमध्ये गेलेले पाणी झटकले. “वसतिगृहातून काढू म्हटले तर फुंकतील. पण घाबरलेल्या पोटातून जो सूर निघतो ना, तो मी ओळखतो, सायबा. दरबारात वर्षानुवर्षे ऐकला. मला पुन्हा तो नको.” मग उठता उठता, “आणि समजा, यंदा खरेच दाणा भरला नाही तर? पावसाने म्हणा, किडीने म्हणा. त्या पोरांना जन्मभर वाटेल, आमच्यामुळे. ते ओझे मी कोणाच्या पाठीवर ठेवू?”

हेडमास्तरांना ही गोष्ट पटली नाही, पण धमकी देण्याची त्यांनाही हौस नव्हती. “तुमची जागा, तुमचा निर्णय,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या दिवसांत मास्तरांनी जे काम केले ते मी पुन्हा कोठे पाहिले नाही. कर्ण्यांचे सर्व सूर त्यांनी मुलांच्या गळ्यांत उतरवले. कॉर्नेटवाल्याने कॉर्नेटचा भाग गायचा, मोठ्या कर्ण्याने खालचा, क्लॅरिनेटने वरचा. शब्द नाहीत, नुसते ‘पा’ आणि ‘ला’. कर्णे हातात, बोटे आपापल्या जागी हलत, आणि आवाज गळ्यातून. पहिल्या दिवशी ड्रमवाले हसून लोळले. पाचव्यासहाव्या दिवशी हसणे थांबले, कारण गुंफत चाललेल्या त्या सुरांना ताल धरणे अवघड होऊ लागले होते. मास्तर सबंध दुपार उभे असत. काठी धरलेला हात दुखला की दुसऱ्या हाताने त्याला आधार देत. मी खुर्ची पुढे करी, ते ती बाजूला सारत.

पंधरा ऑगस्टला श्रावणी धुके एवढे होते की ध्वज वर गेल्यावर दिसेनासा झाला. साहेबांना व्हरांड्यात बसवले होते. ते सज्जन गृहस्थ होते, प्रवासाने दमलेले, पायांतले बूट ओले. मुलांनी राष्ट्रगीत गायले, कर्णे हातांत धरून. मग संचलनाची चाल, मग भक्तीची. त्या शेवटच्या चालीत खालचा सूर आणि वरचा सूर एकमेकांत असे मिसळले की माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांची पाठ माझ्याकडे होती. सदरा पाठीला चिकटला होता.

साहेबांनी टाळी वाजवली. मग हळूच हेडमास्तरांना म्हणाले, “गातात छान. पण हा बँड पितळेचा आहे की गळ्याचा?”

हेडमास्तरांनी त्यांना कारण सांगितले. मीही दोन शब्द बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. “खरे असेल,” ते म्हणाले. “पण वरती मी काय कळवू? पथक वाजले नाही हेच कळवावे लागेल. गाणे शिकवायला तर तुमच्याकडे हे शास्त्रीबुवा आहेतच.” त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केले. मास्तर कर्णे गोळा करीत होते. ते त्यांनी ऐकले की नाही हे मला ठाऊक नाही.

भाद्रपदात हुकूम आला. दसऱ्याबरोबर नेमणूक संपणार होती. ती संपली. मास्तरांना क्वार्टर सोडावे लागले. भाच्याने येऊन घेऊन जातो असे कळवले होते, पण मास्तर म्हणाले, “भात घरात येऊ दे. एकदा वाजवून घेऊ, मग जाईन.” ती महिना-दीड महिन्याची गोष्ट होती, आणि राहायला जागा नव्हती. मी घरी विचारले. माझी पत्नी सोवळ्याओवळ्याची माझ्याहून कडक. ती म्हणाली, “मागच्या पडवीत राहतील. ताट तिकडेच देईन. पण ढोल घरात आणायचा नाही, आताच सांगून ठेवते.” तिने तेवढे दिवस त्यांच्यासाठी भात मऊ शिजवला. मास्तरांनी त्याबद्दल आभार मानले नाहीत. ताट धुऊन उंबऱ्याशी पालथे ठेवीत, एवढेच.

कार्तिकात भात झोडून झाले. त्या वर्षी दाणा बरा भरला. एका सकाळी जामसरचा तो मुलगा वसतिगृहात न जाता सरळ आमच्या पडवीत आला आणि म्हणाला, “सर, तारपा उतरला.” मास्तर दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते कॉर्नेट शोधू लागले.

काही दिवस तालीम झाली. मग देवळालीला जावयाचे ठरले. त्र्यंबकवरून नाशिककडे जाणारी गाडी मोखाड्यास थांबे, आणि पथकातली पुष्कळ मुले त्याच बाजूची. म्हणून निरोप मोखाड्यास द्यावयाचा असे मुलांनीच ठरवले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. सुकट, मीठ, मडकी, कोंबड्या यांच्या मधोमध आमचे पथक उभे राहिले. मास्तरांनी काठी उचलली, आणि कर्णे वाजले.

बाजार जागच्या जागी थांबला. एका म्हातारीने मला विचारले, “लगीन कोनाचा हाय?” दुसरीने तिला सांगितले, “लगीन नाय, सरकार आलाय.” मुले वाजवत होती. आवाज भरलेला होता, मोकळा होता, क्वचित बेसूरही. त्यात भीती मात्र नव्हती. ज्याने ऐकून जागा द्यावी असा तेथे कोणी नव्हता. तेल घ्यायला आलेली माणसे होती, आणि ती तेल घ्यायचे विसरली होती.

भक्तीची चाल निम्म्यावर असताना गाडी आली. ड्रायव्हरने थोडी वाट पाहिली, मग खिडकीतून म्हणाला, “मास्तर, चढता का वाजवता? मला घाट चढायचाय.”

मास्तरांनी काठी खाली केली नाही. तशीच हवेत ठेवून ते मागे मागे सरकत गाडीच्या दाराशी गेले. मी त्यांची वळकटी आत दिली. तेव्हा ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, दारात बसून राहायचे म्हणजे काय होईल याची मला फार धास्ती होती.”

“आता?”

“आताही आहे,” ते म्हणाले. “पण हे ऐकून जातो आहे.” मग त्यांनी काठी खाली घेतली आणि आत बसले.

थांबा असे कोणी सांगितले नव्हते, म्हणून मुले थांबली नाहीत. गाडी वळणाआड गेली तरी चाल चालू होती, आणि ती त्यांनी समेपर्यंत नेली. पुढच्या वर्षी शिकवायला कोणी नव्हते. कर्णे खोलीत गेले आणि संगीताचा तास माझ्याकडे आला. मी स्तोत्रे शिकवली. मास्तर देवळालीस आणखी काही वर्षे होते. भाच्याने एकदा कळवले की दारात बसून ते वाटेने जाणाऱ्या पोरांना शीळ घालायला शिकवतात.

वाचकहो, ज्याने श्वास दिला तो तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या छातीत तो निर्भय राखो. तुमच्या शेतातल्या कणसांत दाणा भरो, कोठारात धान्य आणि चुलीवर अन्न राहो. तुमच्या मुलांना धीराने शिकवणारे गुरू लाभोत, आणि त्या गुरूंना म्हातारपणी मानाचा आसरा मिळो. तुमच्या कुलाचे सर्वतोपरी कल्याण असो.